वाचकांचे प्रश्न : बाळंतविडा निवडताना

नवजात बाळासाठी काय घ्यावे आणि काय टाळावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. सर्व उत्तरे पूर्ण दिवसांच्या आणि निरोगी बाळांना धरून लिहिली आहेत. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल, तर त्याच्या डॉक्टरांचा सल्लाच शेवटचा मानावा.

प्रश्न : मला नववा महिना लागला आहे. डोहाळजेवणात मैत्रिणींनी बाळासाठी एक संच भेट दिला असून त्यात साबण, शाम्पू, पावडर, तेल, लोशन, ओले वाइप्स आणि कोलोन आहे. सासूबाईंनी माझ्या यजमानांची लहानपणची झबली, टोपडी आणि दुपटी ट्रंकेतून काढून ठेवली आहेत, कारण बाळाला पहिल्यांदा जुनेच कपडे घालण्याची आमच्याकडे रीत आहे. संचातले नेमके काय वापरावे आणि जुने कपडे चालतील का?
— एक भावी आई, चिंचवड

उत्तर : संचातील सात वस्तूंपैकी पहिल्या महिनाभरात तुम्हाला खरोखर एखादीच लागेल, आणि ते तेल असेल, तेही बिनवासाचे असले तर. साबण लावायचाच झाला तर सौम्य असावा, आठवड्यातून दोन-तीनदाच लावावा आणि तो मान, काखा व जांघा एवढ्यापुरताच ठेवावा. डोक्याला वेगळ्या शाम्पूची गरज नाही. पावडर, लोशन आणि कोलोन यांना मात्र कपाटातच राहू द्या.

हे इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण बाळाच्या त्वचेत आहे. जन्मतः बाळाच्या अंगावर जो पांढरट, चिकट थर असतो, तो घाण समजून लगेच धुऊन काढण्याची पद्धत बराच काळ होती. हा थर त्वचेतला ओलावा धरून ठेवतो आणि जंतूंना अटकाव करतो, म्हणून पहिली अंघोळ जन्मानंतर किमान २४ तासांनी घालावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते. नवजात बाळाच्या त्वचेचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, म्हणजे पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) मात्र सातच्या जवळ असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो हळूहळू साडेपाचच्या आसपास उतरतो. नेहमीच्या अंगाच्या साबणाचा सामू नऊ ते दहा असतो, त्यामुळे रोजच्या साबणाने त्वचेचे हे संरक्षण तयार होण्याच्या काळातच बिघडते. शिवाय वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक असते, आणि म्हणून त्वचेवाटे जे काही आत शिरते त्याचा भार त्या इवल्या शरीरावर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो.

तेलासाठी आपल्याकडचे घाण्याचे किंवा बाटलीतले साधे खोबरेल उत्तम. हल्ली ऑलिव्ह तेलाचे फार कौतुक होते आणि काही घरांत मोहरीचे तेल वापरतात, परंतु या दोन्ही तेलांनी त्वचेचा वरचा थर कमकुवत होत असल्याचे अभ्यासांत दिसलेले आहे. बाळाला न्हाऊ घालायला बाई येणार असतील, तर त्यांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात : कानात, नाकात आणि बेंबीत तेल सोडायचे नाही, आणि लव जावी म्हणून डाळीच्या पिठाने अंग रगडायचे नाही. लव आपोआप जाते, रगडल्याने त्वचा सोलवटते. पाणी कढत नसावे. कोपर बुडवून पाहिल्यावर कोमट लागेल इतपतच ऊन असावे.

पावडरीविषयी मला विशेष काळजी वाटते, कारण ती निरुपद्रवी समजली जाते. डब्यातून हातावर घेताना जो बारीक धुरळा उडतो तो बाळाच्या श्वासातून फुप्फुसांत जातो, मग ती शंखजिऱ्याची असो वा मक्याच्या पिठाची. मानेच्या आणि जांघेच्या वळ्यांत तीच पावडर घामात भिजून तिच्या गुठळ्या होतात आणि त्या घासून त्वचा लाल होते. वळ्या कोरड्या राहाव्यात एवढाच हेतू असेल, तर मऊ सुती कापडाने टिपून घेणे पुरेसे आहे.

पुढे कधी काही विकत घ्यावे लागले, तर डब्याच्या दर्शनी बाजूवरचे शब्द बाजूला ठेवून मागची बाजू वाचावी. ‘नैसर्गिक’, ‘सौम्य’, ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ हे शब्द कितीही दिलासा देत असले, तरी त्यांवरून आत काय आहे ते कळत नाही. मागच्या बाजूला उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची अंतिम तारीख आणि घटकांची यादी असते. या यादीत प्रमाणाने जास्त असलेले घटक आधी येतात. यादी जितकी आखूड तितके बरे, आणि तीत ‘परफ्युम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा शब्द दिसला तर ती वस्तू परत ठेवावी, कारण त्या एका शब्दाखाली अनेक रसायने असू शकतात आणि त्यांतले एकही बाळाच्या उपयोगाचे नसते. नवजात बाळाच्या वस्तूंची निवड करताना मी पहिली कसोटी वासाचीच लावते.

याच कसोटीवर आता सासूबाईंच्या ट्रंकेकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुने कपडे घालण्याची रीत चांगलीच आहे. अनेक धुण्यांनी सुती कापड मऊ पडलेले असते आणि नव्या कापडावरची खळ व रसायने निघून गेलेली असतात. परंतु ट्रंक उघडल्यावर डांबराच्या गोळ्यांचा तो ओळखीचा वास आला असेल, तर ते कपडे तसेच बाळाला मुळीच घालू नयेत. त्या पांढऱ्या गोळ्यांत बहुधा नॅप्थलीन असते. ते घन रूपातून थेट वाफ होऊन कापडाच्या धाग्यांत शिरते आणि बाळाच्या श्वासातून तसेच त्वचेतून शरीरात जाते. नॅप्थलीन तेलात विरघळते, त्यामुळे मालिश झाल्यावर लगेच असे झबले घातले तर ते शोषले जाणे आणखी सोपे होते.

काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असते. हा दोष बहुधा आईकडून येतो, मुलग्यांत जास्त आढळतो आणि एरवी त्याचे कोणतेही लक्षण दिसत नाही, त्यामुळे तपासणी झालेली नसेल तर घरात कोणालाच त्याची कल्पना नसते. अशा बाळाचा नॅप्थलीनशी संपर्क आला की तांबड्या पेशी भराभर फुटतात, कावीळ वेगाने वाढते, आणि ती वेळीच आटोक्यात आली नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बाळाचे डोळे व अंग पिवळे दिसणे, ते फिके पडणे, दूध नीट न ओढणे, सुस्त राहणे किंवा लघवीचा रंग गडद होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि कपडे डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले होते हे आपणहून सांगावे. डॉक्टर ते विचारतीलच असे नाही.

तुमच्या हाताशी अजून काही आठवडे आहेत. कपडे उलगडून बरेच दिवस वाऱ्यावर आणि उन्हात टाका, मग गरम पाण्यात धुऊन पुन्हा कडक उन्हात वाळवा. त्यानंतर एकेक झबले नाकाशी धरून पाहा. ज्याला थोडासाही वास येईल ते आठवण म्हणून जपा, पण बाळाला घालू नका. ट्रंकेतल्या आणि न्हाणीघरातल्या गोळ्या काढून टाका. कपड्यांत कडुनिंबाचा सुका पाला ठेवण्याची जुनी पद्धत यापेक्षा कितीतरी बरी. कपड्यांची रीतही सांभाळली जाईल, कारण सासूबाईंच्या एखाद्या जुन्या, रोजच्या वापरातल्या सुती साडीची दुपटी शिवली तर त्याहून मऊ कापड बाजारात मिळणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये एडिसनला असते आणि तिच्या बाळंतपणासाठी मी पुढच्या महिन्यात जाणार आहे. गुटीचे सामान व सहाण, घरी पाडलेले काजळ, मोहरीची उशी, वेखंडाची पूड, मध आणि धुरीसाठी ओवा-शेपा-वावडिंग अशी तयारी मी केली आहे. मुलगी मात्र फोनवर म्हणते की यातले काहीही आणू नकोस. आमची तीनही मुले याच पद्धतीने वाढली. तिचे म्हणणे बरोबर आहे का?
— एक आजी, वाई

उत्तर : आजी, तुमची तयारी किती मनापासून झाली आहे ते पत्रातून कळते, आणि म्हणूनच स्पष्ट लिहिते : या यादीपुरते मुलीचे म्हणणे बरोबर आहे. तुमची मुले या वस्तूंनी वाढली यापेक्षा तुमच्या दुधाने, लक्षाने आणि कष्टाने वाढली, असे मी म्हणेन.

सर्वांत आधी मध बाजूला काढा. मधात एका जंतूची बीजे असू शकतात. ती मोठ्यांच्या आतड्यांत रुजत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यांत रुजून विष तयार करतात आणि त्याने बाळाचे स्नायू लुळे पडतात. मध शुद्ध असला तरी हा धोका टळत नाही. त्यामुळे पहिला वाढदिवस होईपर्यंत मधाचे बोटही नको.

गुटीबद्दल लिहिताना मला जपून लिहावे लागते, कारण सहाणेवर प्रत्येक मुळीचे किती वळसे द्यायचे हे ज्ञान एका पिढीने दुसरीला दिलेले आहे. परंतु पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही, आणि सहाण, पाणी, हात व मुळ्या यांपैकी कशाहीवरचे जंतू थेट बाळाच्या पोटात जाऊ शकतात. जायफळाचा वळसा जास्त झाला तर बाळ गुंगते. घरच्यांना ते शांत झोपलेले वाटते, प्रत्यक्षात त्याचे दूध पिणे कमी होते. नवजात बाळाच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ नाही.

काजळाने डोळे मोठे होत नाहीत. विकतच्या काजळात आणि सुरम्यात शिसे आढळलेले आहे, आणि अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासनाने अशा प्रसाधनांना परवानगी दिलेली नाही. घरच्या काजळात शिसे नसेलही, पण काजळी आणि बोट या दोहोंमुळे डोळ्यांना संसर्ग होतो आणि अश्रू वाहून नेणारी बारीक नळी तुंबू शकते. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नसेल, तर घरच्या काजळाचा ठिपका तळपायाला लावा.

मोहरीची उशी डोके गोल व्हावे म्हणून देतात. लहान बाळाची मान उशीवर पुढे झुकली की श्वासाचा मार्ग अरुंद होतो, आणि ते स्वतःची मान सरळ करू शकत नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळाला पाठीवरच झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि त्यानंतर झोपेत अचानक होणाऱ्या बाळांच्या मृत्यूंचे प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली आले. तिथे २०२२ च्या कायद्याने पाळण्याच्या कडांना लावायच्या गाद्या आणि डोक्याकडे उंच असलेल्या उतरत्या बिछान्यांची विक्रीही बंद केली आहे. गादी घट्ट आणि सपाट असावी, तिच्यावर उशी, लोड, मऊ खेळणी किंवा सैल गोधडी नसावी. डोक्याचा आकार बिघडू नये म्हणून रोज झोपवताना बाळाचे तोंड कधी डावीकडे, कधी उजवीकडे करावे, आणि ते जागे असताना आपल्या डोळ्यांसमोर थोडा वेळ पोटावर ठेवावे.

धुरी आणि वेखंडाची पूड या दोन्ही श्वासाच्या वैरी आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात ओल जावी म्हणून धुरी देत असत. बंद खोलीत निखारे ठेवल्याने होणारा वायू तर वासावरूनही कळत नाही आणि तो आई व बाळ दोघांनाही घातक असतो. अंग पुसून कोरड्या दुपट्यात गुंडाळले की बाळाला पुरेशी ऊब मिळते.

मग न्यावे काय? पुढून उघडणारी, नाडीने किंवा बंदांनी बांधायची सुती झबली आणि भरपूर जुनी दुपटी न्या. मण्यांच्या मनगट्या व घट्ट करदोडा नको : मणी तुटून तोंडात जातात आणि दोरा अंगात रुततो. मुलीसाठी अळीव आणि डिंक एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत मिळेल, लाडू मात्र तुमच्याच हातचे होऊ द्या. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या : तिथे बाळाला रुग्णालयातून मोटारीने आणताना मागे तोंड करून बसवायची खास खुर्ची लागते. तीत बसवताना कुंची किंवा जाड स्वेटर घालू नका, कारण त्याच्या जाडीमुळे पट्टा आवळला आहे असे वाटते आणि प्रत्यक्षात तो सैल राहतो. आधी पट्टा बांधावा, मग वरून दुपटे पांघरावे.

प्रश्न : आमचे बाळ वीस दिवसांचे आहे. आई लंगोटाचा आग्रह धरते, पत्नीला डायपर सोयीचे वाटतात. जांघेत लाली आली म्हणून शेजाऱ्यांनी बोरिक पावडर लावायला सांगितली. काय योग्य?
— एक वडील, नागपूर

उत्तर : बोरिक पावडर लावू नका. बोरिक आम्ल सोललेल्या त्वचेतून रक्तात जाते आणि तान्ह्या बाळाला ते विषारी ठरते. तोंडात फोड आल्यावर बोरोग्लिसरीन लावण्याची सवयही याच कारणासाठी सोडावी.

लंगोट की डायपर या वादात तुम्ही दोघींचेही ऐकू शकता. दिवसा घरी लंगोट आणि रात्री किंवा बाहेर जाताना डायपर, असे अनेक घरांत चालते आणि त्यात वावगे काही नाही. लाली येते ती ओल आणि शी यांचा त्वचेशी बराच वेळ संपर्क राहिल्याने. डायपरमधील पदार्थ पुष्कळ लघवी शोषून घेतो, म्हणून तो भरलेला असूनही कोरडा वाटतो आणि बदलायचा राहून जातो. दर दोन-तीन तासांनी आणि शी झाली की लगेच तो बदलावा. ओल्या वाइप्सऐवजी कोमट पाण्यात भिजवलेला कापूस वापरावा, वारा लागू द्यावा आणि झिंक ऑक्साइडचे मलम जाडसर लावावे. लंगोट धुताना वासाचे फॅब्रिक कंडिशनर घालू नये आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावेत. तीन दिवसांत फरक पडला नाही, किंवा वळ्यांच्या आतपर्यंत लाल पुळ्या दिसल्या, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि त्याला डॉक्टरांचे औषध लागते.

प्रश्न : डासांसाठी बाळाच्या खोलीत कॉइल लावावी का? सर्दीसाठी खोबरेलात कापूर घालून छातीला चोळतो, ते चालते का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : दोन्ही नको. कॉइलचा धूर रात्रभर बाळाच्या फुप्फुसांत जातो. मच्छरदाणी हाच सर्वांत चांगला उपाय आहे, फक्त ती चहूबाजूंनी गादीखाली खोचलेली असावी. कापूर त्वचेतून शोषला जाऊन तान्ह्या बाळांना झटके येऊ शकतात, म्हणून कापराचे तेल, कापराची पाळण्याला बांधलेली पुडी आणि कापूर-मेंथॉल असलेले बाम ही सर्व दोन वर्षांपर्यंत दूर ठेवावीत. नाक चोंदले तर दूध पाजण्याआधी साध्या मिठाच्या पाण्याचे, औषधाच्या दुकानात मिळणारे थेंब सोडावेत. बाळ दोन महिन्यांच्या आतले असून त्याला ताप असेल किंवा श्वास जलद चालत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

प्रश्न : रुग्णालयासमोरच्या दुकानदाराने सांगितले की पहिले दोन दिवस आईला दूध येत नाही, म्हणून बाटली आणि दुधाच्या पावडरीचा डबा बॅगेत असलाच पाहिजे. घेऊन ठेवू का?
— एक गर्भवती, नाशिक

उत्तर : घेऊ नका. पहिले दोन-तीन दिवस जो घट्ट, पिवळसर चीक येतो तोच बाळाचा आहार असतो. तो चमचा-दोन चमचेच दिसतो, पण त्या वेळी बाळाची भूकही तेवढीच असते, आणि बाळाला वारंवार पाजल्यानेच पुढचे दूध उतरते. बाटली हाताशी असली की पहिल्या रात्रीच्या रडण्याला घाबरून ती दिली जाते, स्तनपान मागे पडते आणि दूध खरोखरच कमी येऊ लागते.

दुधाच्या पावडरी आणि बाटल्या यांच्या जाहिरातीवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. फुकट नमुने देणे किंवा भेटवस्तूंचे आमिष दाखवून त्यांची विक्री वाढवणेही त्यात बसत नाही. एखाद्या शिशुआहाराची जाहिरात इतर वस्तूंसारखी दिसत नाही, त्याचे कारण हे आहे. आई फार आजारी असेल किंवा डॉक्टरांनी लेखी सांगितले असेल, तर वरचे दूध द्यावे लागते, आणि तेव्हाही बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले बरे. बाटलीच्या बुचाच्या आट्यांत आणि निप्पलच्या आत साय अडकते, ती ब्रशनेही पुरती निघत नाही. स्टीलची वाटी आणि चमचा मात्र दहा मिनिटे उकळून घेतले की झाले.

बॅगेत डब्याच्या जागी दोन-तीन पुढून उघडणारे गाऊन ठेवा. प्रसूती झाल्यावर तासाभराच्या आत बाळ माझ्या उघड्या छातीवर ठेवा, असे डॉक्टरांना आणि नर्सताईंना आधीच सांगून ठेवा; सिझेरियन झाले तरी तसे करता येते. पाजताना दुखले किंवा बाळाने नीट तोंड धरले नाही, तर घरी जाण्याआधी नर्सताईंना जवळ बसवून बाळाला कसे धरायचे ते शिकून घ्या.